एकोणतीस जागी टेप

आमच्या हुडकेश्वरच्या घरात एका उन्हाळ्यात एकोणतीस ठिकाणी टेप लावलेली होती. हा आकडा मी आठवणीवर विसंबून सांगत नाही, तो वहीत लिहिलेला आहे. दहावीची परीक्षा संपली होती, निकाल लागायचा होता, आणि हाताला काम नसलं की मी याद्या करत असे. अजूनही करते. तेव्हा मी खोलीखोलीतून फिरून नोंद केली होती: बादलीचा तळ, झाडूची मूठ, माझ्या भूगोलाच्या पुस्तकाचा कणा, फ्रिजच्या दाराचं रबर, मच्छरजाळीची दोन भोकं, मागच्या खिडकीची तडकलेली काच, बाबांच्या सायकलची सीट, आईच्या शिलाई मशीनचं झाकण. प्रत्येक जागेपुढे ती कधी लावली आणि आता कशी आहे, असे दोन रकाने. पहिली सोळा कलमं वाचताना आजही गंमत वाटते. सतराव्याशी मात्र मी थांबते.

टेप बाबा आणायचे. त्यांच्या ठेकेदाराचं काम मंगल कार्यालयांत आणि दुकानांत मोठे कूलर बसवायचं होतं. गच्चीवरच्या कूलरची हवा पत्र्याच्या चौकोनी नळकांड्यांतून आत न्यायची, आणि त्या नळकांड्यांच्या जोडांवर ही रुंद, चंदेरी, मागून कापड लावलेली टेप दाबून बसवायची. उरलेली अर्धी-पाव रिळं ठेकेदार कामगारांना देऊन टाकत असे. त्याआधी बाबा उमरेडला हातमागावर बसत, त्यांच्या वडिलांसारखे. माग सुटला, आम्ही नागपूरला आलो, पण कापड ओळखणारी बोटं त्यांच्याबरोबर आली. पहिलं रीळ घरी आणलं त्या दिवशी त्यांनी एक तुकडा फाडला, उजेडात धरला आणि नखानं धागे मोजले. "पाय वैशे, हे कापडच हाय. ताणा हाय, बाणा हाय. वरून नुसता मुलामा." त्यांच्या आवाजात मी ऐकलेला तो आनंद, जुना ओळखीचा माणूस परक्या गावात भेटावा तसा होता. विणलेली वस्तू धरून ठेवते, यावर त्यांचा विश्वास होता. माझ्या मते पुढचं सगळं त्या विश्वासातून आलं.

आणि टेप खरंच कामाची होती, हे मी आजही मान्य करते. माझ्या स्वयंपाकघरातल्या खणात एक रीळ कायम असतं. बादलीला लावायची तर बादली आधी पूर्ण कोरडी करायची, आणि पट्टी बाहेरून नाही, आतून लावायची. पाण्याचा दाबच तिला चिकटवून ठेवतो. झाडूच्या मुठीला लावताना ओढून, तिरकी गुंडाळायची. पुस्तकाच्या कण्याला एकच लांब पट्टी, कात्रीनं कापलेली. हातानं फाडली तर कडेचे धागे सुटतात आणि धूळ धरतात. काचेवर उन्हाच्या बाजूनं कधी लावू नये. मे महिन्यात तिचा डिंक पातळ होतो, पट्टी सरकत जाते आणि मागे काळपट चिकट रेघ ठेवते. हे मी तेव्हाच शिकले होते. मागच्या खिडकीवरची पट्टी दर आठवड्याला बोटभर खाली उतरायची आणि मी वहीत 'सरकली' असं लिहायची. कढईच्या कानाला बाबांनी एकदा टेप गुंडाळली तेव्हा घरभर जळक्या रबराचा वास सुटला आणि आई खोकत अंगणात गेली. गॅसच्या नळीकडे त्यांनी पाहिलं, तेव्हा ती लाटणं हातात घेऊन आडवी आली. "तिथं हात लावाल तर मी माहेरी चालली." बाबा हसले. गॅसची नळी नवी आली. त्या घरात टेपला झालेला एवढाच विरोध.

सतरावं कलम कूलरची वायर. आमचा कूलर पत्र्याचा, खिडकीच्या बाहेर विटांच्या चौथऱ्यावर ठेवलेला. नागपूरच्या उन्हाळ्यात तो घरातला सगळ्यात महत्त्वाचा इसम. त्याचा घरघराट सुरू झाला की घर बोलायला मोकळं व्हायचं; बंद झाला की सगळे गप्प होऊन छताकडे बघायचे. दुपारी ओल्या गवताच्या पट्ट्यांचा वास, आईच्या कैरीच्या पन्ह्यातली वेलची, आणि तो आवाज, असं आमचं मे महिन्याचं जग. पण त्या वर्षी खिडकीच्या लोखंडी कडेवर घासून वायरचं आवरण कापलं गेलं. बाबांनी तारा पिळून जोडल्या, वर टेपचे चार पदर दिले. जोड इतका सफाईदार होता की बोट फिरवून कळत नव्हता. त्यानंतर कूलर 'मारायला' लागला. आम्ही तसंच म्हणायचो, आणि गल्लीत सगळेच म्हणायचे, जणू एखाद्या म्हशीला शिंग मारायची खोड असावी. पत्र्याला हात लागला की कोपरापर्यंत मुंग्या यायच्या. मग घरात एक पद्धत पडली: पाणी भरताना पायात रबरी चप्पल, आणि आधी बटण बंद. पाहुण्यांनाही चहाबरोबर हे सांगितलं जायचं. कूलर कोणी दुरुस्त करत नव्हतं. आम्ही त्याच्या स्वभावाला सांभाळून घेत होतो.

आईनं एकदा विषय काढला. संध्याकाळी बाबा हातपाय धूत होते.

"अहो, त्या चौकातल्या वायरमनला बोलवा न एकदा. कालपासून जास्तच मारून राहिला."

"काहून? मी मेलो का?"

"तसं नाही म्हटलं मी."

"वीस वर्षं सूत जोडलं, बाई. रात्रंदिवस. माझा जोड आजवर कोणाले दिसला नाही. अन् आता वायरमन येऊन मले शिकवीन?" टॉवेल त्यांनी तारेवर आपटला. ते क्वचित रागवायचे, पण या एका गोष्टीवर नक्की रागवायचे. माग सुटलेला माणूस, त्याला हातचं कसब सुटलं म्हटलेलं चालत नाही. आई आत गेली आणि भाजीला फोडणी दिली. पुन्हा कोणी बोललं नाही.

त्याच आठवड्यात उमरेडहून बेबीआत्या आली. बाबांची मोठी बहीण, घराण्यात मागावर राहिलेली एकटी. मूल नाही, यजमान लवकर गेलेले, आणि घरात खड्ड्यातला एक माग. एसटीतून उतरली की तिच्या पिशवीत पातोडीसाठी घरचं बेसन असायचं, कारण नागपूरच्या बेसनावर तिचा भरवसा नव्हता. ती आली की घराचा आवाज बदलायचा. आईला ती 'कमल' अशी नावानं हाक मारायची, बाबांना 'नामा', आणि मला टोमणे. "काय वं वैशे, भिंतीची बी यादी केली का? किती पाली हायेत सांग." पातोडीच्या वड्या थापताना मी तिचा उजवा हात बघत बसायची. अंगठा आणि पहिली दोन बोटं इतकी मऊ, की त्या हातानं विहिरीचं पाणी शेंदलं असेल असं वाटू नये. तुटलेला धागा ती न बघता चिमटीत धरायची, एक पीळ द्यायची, आणि धागा पुन्हा अखंड. त्या वेळी तिच्या मागावर एक साडी अर्धी विणलेली होती. चार दिवस राहून परत जायचं आणि ती पूर्ण करायची, असं ठरलेलं होतं.

बुधवारची सकाळ. साडेसात वाजले असतील. अंगणात वाळत घातलेल्या कुरडया उलटायला मी कूलरच्या मागून गेले आणि मला दिसलं. टेप सरकली होती. डिंक वितळून चारही पदर वायरवरून मोज्यासारखे खाली उतरले होते, आणि मधे बोटाच्या पेराएवढं तांबं उघडं पडलं होतं. ते चमकत होतं. पत्र्यापासून दोन बोटं दूर. मी उभी राहून बघितलं. बाबा आत चहा पीत होते. त्यांच्या बशीचा आवाज मला ऐकू येत होता. दहा पावलं. पण त्या संध्याकाळचा तो टॉवेल माझ्या डोळ्यांपुढे होता. सकाळी कामावर निघालेल्या माणसाला 'तुमचा जोड सुटला' असं कसं सांगायचं, आणि तेही आत्यासमोर? संध्याकाळी, त्यांचा मूड बघून सांगू. मी आत गेले, वही काढली आणि सुबक अक्षरात लिहिलं: '१७. कूलरची वायर. टेप सरकली, तांबं दिसतं. बाबांना सांगणे.' लिहिल्यावर मला बरं वाटलं. तेच मला आज सगळ्यात भीतीदायक वाटतं. वहीत गेलं की गोष्ट जागेवर ठेवल्यासारखी वाटते. मी वही मिटली आणि कुरडया उलटायला परत गेले, त्याच वायरच्या शेजारून.

बाबा आठ वाजता गेले. अकराच्या सुमारास आईचं डोकं दुखायला लागलं म्हणून ती कूलरसमोर चटई टाकून आडवी झाली आणि तिला झोप लागली. मी स्वयंपाकघरात तांदूळ निवडत होते. कूलरचा आवाज कोरडा झाला, म्हणजे टाकीत पाणी संपत आलं, हे आम्हाला कानानंच कळायचं. आत्यालाही कळलं. मागच्या दारातून ती बादली घेऊन गेली. नळ सुरू झाल्याचा आवाज मी ऐकला. आता ती आत येऊन बटण बंद करेल, असं मी मनात म्हटलं आणि वाट पाहिली. ती आली नाही. नंतर तिनंच सांगितलं: कमल निजली होती, हवा बंद झाली असती तर उठली असती. दोन मिनिटांचं काम. पायात काही नव्हतं, कारण आमच्या घरात ती चप्पल दाराबाहेर काढून वावरायची.

ओरडणं मला ऐकू आलं नाही. बादली पडल्याचा आवाज आला आणि ती चौथऱ्यावरून गडगडत गेल्याचा. स्वयंपाकघराच्या खिडकीतून मी बघितलं तर आत्या कूलरला टेकून उभी होती, एखादी बाई शेजारणीशी बोलत कठड्याला टेकते तशी. उजवा हात पत्र्याच्या कडेवर. तोंड घट्ट मिटलेलं, डोळे उघडे, आणि सगळं अंग बारीक थरथरत होतं. बादलीच्या काठानं वायर दाबली गेली होती, तांबं पत्र्याला टेकलं होतं. मी 'आत्या' म्हटलं नाही. आईच्या अंगावरून उडी मारून बोर्डाकडे गेले आणि बटण पाडलं. कूलर थांबला. त्या शांततेनंच आई जागी झाली. "काहून बंद केला वं?" असं तिनं डोळे न उघडता विचारलं, आणि त्याच वेळी बाहेर आत्या खाली कोसळली.

ती वाचली. दवाखान्यात तिसऱ्या दिवशी बसून तिनं भात खाल्ला आणि त्यात मीठ नाही म्हणून आयाला बोल लावले. पण अंगठा आणि पहिलं बोट आतपर्यंत भाजलं होतं. जखमा भरल्या, कातडी आली. बोटांतली जाणीव आली नाही. डॉक्टरांनी टाचणी टोचून विचारलं, "कळतंय का?" ती म्हणाली, "तुम्ही टोचून राहिले ते दिसते." बाबा पलंगाच्या पायथ्याशी उभे होते. ते बाहेर गेले आणि जिन्यावर बसले. भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला ते एकच वाक्य सांगत होते: "माझ्या हातानं झालं." वही दप्तरात होती, आणि ती उघडली असती तर त्या वाक्यात आणखी एक नाव घालावं लागलं असतं. मी उघडली नाही. घरी येऊन बाबांनी एका सकाळीत सगळ्या एकोणतीस जागांवरची टेप खरवडून काढली. बादली गळायला लागली. मच्छर आले. भूगोलाच्या पुस्तकाची पानं सुटली. कोणी तक्रार केली नाही, आणि माझा वेळ मी गळती मोजण्यात घालवला.

राहिली ती साडी. मागावर अर्धी, आणि विणणारीच्या हाताला धागा कळत नाही. आत्याला दवाखान्यातून घरी सोडलं, त्यानंतरच्या रविवारी बाबा उमरेडला गेले आणि मला बरोबर नेलं. अकरा वर्षांनी ते मागाच्या खड्ड्यात पाय सोडून बसले. आत्या शेजारी पाटावर, गुंडाळलेला हात मांडीवर. पहिला तासभर ती फक्त चुका काढत होती. "ठोका हलका पडून राहिला, नामा. भाकरी थापतस का?" बाबा हसायचे, घाम पुसायचे, धोटा फेकायचे. माग जुना आणि आवाज मोठा, खटक-खट, खटक-खट, खोलीभर. मला वाटलं, आता सांगता येईल. फक्त आत्याला. या आवाजात बाबांच्या कानापर्यंत जाणार नाही. मी तिच्या कानाशी वाकले आणि मोठ्यानं म्हणाले, "आत्या, मी त्या दिवशी सकाळीच पाहिलं होतं. टेप सरकली होती ते."

माझं वाक्य अर्ध्यात असतानाच ताण्याचा धागा तुटला आणि बाबांनी माग थांबवला. उरलेलं अर्धं वाक्य शांत झालेल्या खोलीत पडलं.

बाबांनी मान वर केली नाही. तुटलेली दोन टोकं शोधली, चिमटीत धरली. पीळ दिला नाही. मग म्हणाले, "किती वाजता?"

"साडेसात."

"मी घरीच होतो."

"हो."

मग धाग्याकडेच बघत म्हणाले, "मले सोमवारीच दिसलं होतं. रविवारी करू म्हटलं. कमलसमोर सोडून पुन्हा बांधायची लाज वाटली."

मला आजही त्या क्षणी आत्याच्या चेहऱ्याकडे बघितल्याचं आठवत नाही. पाटावरच्या तिच्या पायांची बोटं तेवढी आठवतात. बाहेर कोणीतरी पाखडत होतं, त्याचा आवाज येत होता. "आता सांगून राहिले दोघं," ती म्हणाली. आवाज चढलेला नव्हता. मग उठली, डाव्या हातानं दाराला धरून बाहेर गेली आणि दार ओढून घेतलं. खोलीत अंधार झाला. बाबांनी धाग्याला पीळ दिला आणि विणायला सुरुवात केली. साडी पूर्ण व्हायला त्यांना सहा रविवार लागले. ज्या जागी तो धागा तुटला होता तिथला जोड त्यांना नीट साधला नाही. साडी मागावरून उतरवली तेव्हा मला तो सहज दिसला.

आत्यानं माग मोडून टाकला. बोलणं तोडलं नाही; सणाला बेसन पाठवायची, निरोपात टोमणे असायचे. पण सात वर्षं तिनं आमच्या घरात पाऊल टाकलं नाही, आणि आमच्यापैकी कोणी तिला 'काहून' असं विचारलं नाही.

माझं लग्न मे महिन्यात, उमरेड रोडवरच्या एका हॉलमध्ये होतं. आत्या सकाळच्या एसटीनं आली. मांडवात सगळे तिच्याकडे धावले, कोणी पिशवी घेतली, कोणी पाणी आणलं. ती हॉलच्या दारात थांबली. चारही कोपऱ्यांत मोठे कूलर सुरू होते. त्यांच्याकडे एकेक करून पाहिलं आणि मग माझ्याकडे, हिरव्या साडीत, मुंडावळ्या बांधलेल्या.

"काय वं नवरी," ती सगळ्यांना ऐकू जाईल अशी म्हणाली, "आत यायले हरकत नाही ना? काही पाहिलं असन तर आत्ताच सांग."

आजूबाजूच्या बायका हसल्या; त्यांना वाटलं, नवरदेवाबद्दलचा काही विनोद आहे. बाबा माझ्या मागेच होते. त्यांनी अक्षतांचं ताट दुसऱ्या हातात घेतलं.

"नाही आत्या," मी म्हणाले. "पहाटे चारही कूलरच्या मागे जाऊन आली मी. वायर न् वायर पाहिली." ते खरं होतं. हळद लागलेल्या अंगानं, पदर खोचून, हातात टेस्टर घेऊन मी एकेका कूलरच्या मागे वाकले होते, आणि एका ठिकाणी आवरण फाटलेलं दिसलं तेव्हा हॉलच्या माणसाला झोपेतून उठवून, तो वायर बदलेपर्यंत तिथेच उभी राहिले होते.

"एकाची बदलवली," मी म्हणाले. "ती डाव्या कोपऱ्यातली."

आत्यानं डाव्या कोपऱ्याकडे पाहिलं. दारात चप्पल काढायची पद्धत होती. सगळ्यांच्या चपला तिथं रांगेत होत्या. तिनं आपली काढली नाही. ती तशीच आत आली आणि उजव्या कोपऱ्यातल्या खुर्चीवर जाऊन बसली.